संरक्षणातील ‘एआय’ : गृहीत धरलेला कौल

शत्रू कोण हे ठरवण्याचे आणि त्याच्यावर शस्त्र चालवण्याचे काम माणसाच्या आदेशाविना यंत्राने करावे काय, असा प्रश्न ‘इप्सॉस’ या सर्वेक्षण संस्थेने २०१८च्या अखेरीस २६ देशांतील नागरिकांसमोर ठेवला होता. ६१ टक्के लोकांनी नकार दिला. विरोध करणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना जीव घेण्याचा निर्णय यंत्रावर सोपवणे म्हणजे नीतीची सीमा ओलांडणे वाटत होते, तर निम्म्याहून अधिकांना यंत्राला जाब विचारता येत नाही, ही अडचण वाटत होती. या सर्वसाधारण सुराला ज्या मोजक्या देशांनी छेद दिला, त्यांत भारत ठळकपणे उठून दिसला. येथे सुमारे निम्म्या उत्तरदात्यांनी अशा शस्त्रांना पाठिंबा दर्शवला. विरोधकांची संख्या त्याहून कमी निघाली. पुढे २८ देशांत तीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हाही जगाचा कौल बदलला नाही आणि भारताचे वेगळेपणही.

या आकड्यांवरून ‘भारतीय जनता यंत्राच्या हाती शस्त्र द्यायला राजी आहे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो अनेकदा काढलाही जातो. मात्र पाहणी इंटरनेटवरून झाली होती. भारतासारख्या देशातील आपला नमुना सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक शहरी, अधिक शिकलेला आणि अधिक उत्पन्नाचा असतो, हे ती संस्था स्वतःच नमूद करते. सत्तरीतला बागायतदार, बेतूलचा रापणकार किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन खानापूरच्या गावी परतलेला सुभेदार या नमुन्यात असण्याची शक्यता कमीच. पाहणी करवून घेणारी मोहीम अशा शस्त्रांवर बंदी मागणारी होती, हेही विसरता येत नाही. तिने प्रश्न आपल्या बाजूने झुकवला असेल, असे मानले तरी भारतीय उत्तर उलट दिशेने आले, ही गोष्ट मात्र दखल घेण्याजोगी आहे.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असते, हे अमेरिकी अभ्यासक मायकेल होरोविट्झ यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. स्वयंचलित शस्त्रे हवीत काय, असे नुसते विचारले की अमेरिकी नागरिक नाक मुरडतात. पण हीच शस्त्रे आपल्या सैनिकांचे प्राण वाचवतील किंवा दुसरा देश ती बनवत आहे, अशी जोड प्रश्नाला दिली की विरोध लक्षणीयरीत्या उतरतो. म्हणजे या विषयावर लोकांचे मत पक्के नसते. ते प्रसंग पाहून आकार घेते. भारतात तर ही जोड प्रश्नाला वेगळी द्यावीच लागत नाही. एका सीमेवर चीन, दुसऱ्या सीमेवर पाकिस्तान, आणि दर दहा-पंधरा वर्षांनी तिरंग्यात लपेटून गावी येणारी शवपेटी, ही पार्श्वभूमी येथे गृहीतच असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात किंवा चंदगड-खानापूरच्या पट्ट्यात, जिथे घरटी एखादा फौजी सापडतो, तिथे पहाऱ्यावर माणसाऐवजी यंत्र असावे ही इच्छा अज्ञानातून आलेली नसते. तिला अज्ञान म्हणून झटकून टाकणारे टीकाकार चर्चेची सुरुवातच चुकीच्या टोकापासून करतात.

जनतेचा हा पाठिंबा नेमका कशाला आहे, हा खरा प्रश्न आहे. चित्रपटातला मारेकरी यंत्रमानव डोळ्यांसमोर ठेवून चर्चा झडते, पण भारतीय सैन्यदलांत कृत्रिम बुद्धिमत्ता आली ती पुष्कळ साध्या वाटेने. टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी २०१८मध्ये कृतिदल नेमले गेले आणि त्याने त्याच वर्षी जूनमध्ये अहवाल दिला. त्यातून संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण एआय परिषद आणि प्रकल्प राबवणारी यंत्रणा उभी राहिली. त्यासाठी वर्षाला १०० कोटी रुपयांची तरतूद ठेवली गेली. जुलै २०२२मध्ये राजनाथ सिंह यांनी एकाच दिवशी ७५ एआय उत्पादने सादर केली. त्यांत पाळत ठेवणारी, भाषा व आवाज ओळखणारी, यंत्रसामग्री कधी बिघडेल याचा आधी अंदाज देणारी अशी नाना तऱ्हेची साधने होती. इंदूरजवळच्या महू येथील लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराने एआय केंद्र स्थापन केले, आणि आघाडीच्या भागांत १४० हून अधिक ठिकाणी अशी साधने बसवल्याचे सरकारने २०२१मध्येच सांगितले होते. विमानाच्या इंजिनाचा बिघाड आधी कळला तर त्याला कोणाची हरकत असणार? जनमत अनुकूल आहे ते बहुधा या अर्थाने. पण यंत्राने ‘हे इंजिन तपासा’ असे सांगणे आणि ‘हे लक्ष्य टिपा’ असे सांगणे यांत जे अंतर आहे, ते पार करताना जनतेला कोणी वेगळे विचारलेले नाही.

ते अंतर किती वेगाने कमी होत आहे, हे मे २०२५मध्ये दिसले. पहलगाम येथे २२ एप्रिल रोजी २६ जणांची हत्या झाली आणि ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले. पुढील दिवसांत पाकिस्तानकडून आलेले ड्रोन आणि क्षेपणास्त्रे परतवताना हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण प्रणाली आणि लष्कराची ‘आकाशतीर’ प्रणाली यांचे नाव घराघरांत पोहोचले. विखुरलेल्या रडारांची माहिती एकत्र करून कोणता धोका कोणत्या तोफेने टिपावा याचे चित्र क्षणार्धात पुढे ठेवणे, हे अशा प्रणालीचे काम. आकाशातून एकाच वेळी डझनावारी ड्रोन येत असताना माणसाने कागदावर आकडेमोड करावी, असे कोणी म्हणणार नाही. येथे वेग हाच बचाव असतो. चार रात्री सीमेवरच्या शहरांनी हे अनुभवले आणि देशभरात या यंत्रणांविषयी आदर निर्माण झाला, तो सर्वस्वी रास्त होता.

त्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये लष्करातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने या मोहिमेत वापरलेल्या एआय साधनांची माहिती माध्यमांना दिली आणि ९४ टक्के अचूकतेचा मथळा सर्वत्र झळकला. परीक्षेत ९४ टक्के मिळाले की पेढे वाटले जातात. इथेही प्रतिक्रिया साधारण तशीच उमटली. पण अचूकता कशाची, किती नमुन्यांतून मोजलेली, आणि उरलेल्या सहा टक्क्यांत शत्रू निसटला की भलताच कोणी शत्रू ठरला, हे मथळ्यात मावणारे नव्हते. या दोन चुका एकसारख्या नसतात.

गोव्याच्या समुद्राचे उदाहरण घेतले तर हा हिशेब स्पष्ट होतो. लष्कराने सांगितलेला आकडा समुद्रासाठी नव्हता; तो येथे केवळ गणितापुरता उचलला आहे. मासेमारीबंदी १ ऑगस्टला उठली की मालिम, कुटबण, खारीवाडा येथून ट्रॉलर बाहेर पडतात. त्यांत रत्नागिरीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या बोटींची भर पडते. समजा एका टापूत हजार बोटी आहेत आणि त्यांपैकी एकच घातपाती आहे. प्रत्येक बोटीविषयी ९४ टक्के वेळा बरोबर सांगणारे यंत्र उरलेल्या ९९९ निरपराध बोटींपैकी सुमारे ६० बोटींवर संशयाचे बोट ठेवील. खरी बोट सापडली असे मानले, तरी तिच्याबरोबर साठ तांडेल आणि त्यांचे खलाशी यादीत आले. यादी तपासायला माणूस आहे आणि त्याच्याकडे वेळ आहे, तोवर हे यंत्र मोठीच मदत करते, कारण हजार बोटींऐवजी त्याला एकसष्टच पाहाव्या लागतात. माणूस काढून घेतला किंवा त्याला प्रत्येक बोटीमागे काही सेकंदच दिले, तर तीच मदत संकट ठरते.

ही भीती कल्पनेतली नाही. गाझामधील युद्धात इस्रायली लष्कराने ‘लॅव्हेंडर’ नावाची प्रणाली वापरून सुमारे ३७ हजार व्यक्तींना संशयित दहशतवादी म्हणून चिन्हांकित केले आणि काही अधिकारी एकेका नावावर जेमतेम वीस सेकंद खर्च करीत, असे वृत्त ‘+९७२’ या नियतकालिकाने एप्रिल २०२४मध्ये तेथील गुप्तवार्ता अधिकाऱ्यांच्या हवाल्याने दिले होते. ही प्रणाली केवळ माहिती ताडून पाहण्यासाठी आहे, लक्ष्य माणूसच ठरवतो, असे सांगून इस्रायली लष्कराने त्याचा इन्कार केला. वाद मिटलेला नाही. त्यातून इतके मात्र स्पष्ट झाले की ‘अंतिम निर्णय माणसाचा’ या वाक्याला स्वतःचे असे वजन नाही. त्या माणसाला किती वेळ मिळतो, नकार देण्याची त्याला कितपत मोकळीक आहे आणि यंत्राच्या विरोधात जाऊन चूक झाली तर त्याचे काय होते, यावरून त्याचे मोल ठरते.

अरबी समुद्राने ओळखीच्या दोन्ही प्रकारच्या चुका पाहिल्या आहेत, त्याही यंत्राविना. नोव्हेंबर २००८मध्ये ‘कुबेर’ हा पोरबंदरचा मासेमारी ट्रॉलर बळकावून दहा दहशतवादी मुंबईच्या तोंडाशी आले; मासेमारीच्या शेकडो बोटींत ती एक बोट वेगळी म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यालगत ‘एनरिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरील इटालियन नौसैनिकांनी समोरची बोट चाच्यांची समजून गोळीबार केला आणि दोन मच्छीमार मरण पावले. आणि २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर नौदलाची ‘करंज’ पाणबुडी आणि ‘मारथोमा’ ही मासेमारी बोट यांची टक्कर झाली. बोटीवरील १३ जणांपैकी ११ जणांना वाचवण्यात आले, दोघे बुडाले. या शेवटच्या घटनेत शस्त्राचा किंवा एआयचा प्रश्न नव्हता. पण लहान बोट नीट न दिसणे म्हणजे काय, हे गोव्याच्या किनाऱ्याला त्या आठवड्यात कळले. चांगली यंत्रणा ‘कुबेर’ पकडू शकली असती, हे खरे. हीच यंत्रणा घाईने शिकवलेली असेल, तर केरळची घटना रोज घडवू शकते, हेही तितकेच खरे.

शिकवण्याचा मुद्दा येथे कळीचा आहे. एआय प्रणाली ज्या नमुन्यांवर घडते त्यांच्यापलीकडे तिला फारसे कळत नाही. उत्तर युरोपच्या समुद्रातील जहाजांच्या छायाचित्रांवर घडवलेली प्रणाली पावसाळी ढगांखाली, फायबरची बोट, तिच्यावर ताडपत्री आणि जाळ्यांचा ढीग असे दृश्य पाहून काय म्हणेल, हे आधी तपासावेच लागते. दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर मार्च २०२२मध्ये ‘पी-८आय’ या टेहळणी विमानांचे दुसरे पथक रुजू झाले. एका उड्डाणात गोळा होणारी माहिती चाळायला माणसे अपुरी पडतात, म्हणून यंत्राची मदत घेणे अटळ आहे. त्या यंत्राला कोकण-गोव्याचा समुद्र कोणी आणि कसा शिकवला, हा प्रश्न विचारायला गोव्यातल्या मच्छीमार संघटनांइतका अधिकारी पक्ष दुसरा कोणता? पण त्यांच्याशी अशी चर्चा झाल्याचे ऐकिवात नाही.

चूक कबूल करणारा माणूस

भारतीय जनतेचा सैन्यदलांवरील विश्वास जुना आहे आणि तो केवळ विजयांवर उभा नाही. चूक झाली तर तिच्यामागे एखादा माणूस उभा असतो, ही जाणीव त्या विश्वासाच्या तळाशी असते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटनंतरच्या हवाई चकमकीच्या सकाळी, श्रीनगरजवळ बडगाम येथे हवाई दलाच्याच क्षेपणास्त्राने हवाई दलाचेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. आतले सहा जवान आणि जमिनीवरचा एक नागरिक ठार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन हवाई दल प्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असे पत्रकारांसमोर मान्य केले. ९ मार्च २०२२ रोजी एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नू येथे पडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. चौकशीत कार्यपद्धतीचे उल्लंघन आढळले आणि ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. दोन अण्वस्त्रधारी देशांमधील इतकी गंभीर घटना निवळली, त्यामागे चूक कोणाची हे बोट ठेवून सांगता आले, हे एक कारण होते.

हे चित्र अर्थातच इतके स्वच्छ नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंग येथे कामावरून परतणाऱ्या खाण कामगारांची गाडी बंडखोरांची समजून विशेष दलाने गोळीबार केला. सहा जण जागीच गेले आणि त्यानंतरच्या उद्रेकात आणखी नागरिकांचे प्राण गेले. ओळख पटवण्यात चूक झाल्याचे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. राज्याच्या विशेष तपास पथकाने ३० जणांवर आरोप ठेवले, पण खटल्यास केंद्राने मंजुरी नाकारली आणि २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई थांबवली. माणूस पाठीशी असला म्हणजे न्याय होतोच, असे नव्हे. पण ओटिंगमध्ये निदान गोळी कोणी चालवली, आदेश कोणी दिला, माहिती कोणाची होती, हे प्रश्न विचारता आले आणि त्यांची उत्तरे कागदावर आली. उद्या अशीच माहिती एखाद्या प्रणालीने ‘८७ टक्के जुळणी’ असे लिहून दिली असेल, तर जबाबदार कोण? ट्रिगर दाबणारा जवान म्हणेल, पडद्यावर तसे आले. कमांडर म्हणेल, प्रणाली मंजूर होती. मंजुरी देणारा म्हणेल, चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी करारातले कलम दाखवील. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल. आणि नेमके म्हणूनच दोष वाऱ्यावर विरून जाईल. यात सर्वांत मोठा अन्याय बहुधा त्या जवानावर होईल, कारण साखळीत सर्वांत खाली आणि सर्वांत उघडा तोच असतो.

मतदान झाले, पण न्यूयॉर्कमध्ये

या विषयावर भारताचे मत जगापुढे नोंदले गेले आहे, फक्त भारतीयांपुढे ते फारसे आले नाही. स्वयंचलित घातक शस्त्रांवरील जिनिव्हा येथील तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये भारताच्या अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते. तेथे घडलेली ११ मार्गदर्शक तत्त्वे २०१९मध्ये सर्वसंमतीने स्वीकारली गेली. शस्त्राच्या वापराची जबाबदारी माणसाचीच राहील, ती यंत्राकडे हस्तांतरित करता येत नाही, असे त्यांतले एक तत्त्व सांगते. भारताची त्याला संमती आहे. पण २२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांविषयीचा पहिला ठराव आला, तेव्हा १५२ देशांनी बाजूने मत दिले आणि विरोधात केवळ चार मते पडली. त्या चारांत रशिया, बेलारूस आणि माली यांच्याबरोबर भारत होता. पुढच्या वर्षी १६६ देश ठरावाच्या बाजूने गेले, तेव्हा भारत तटस्थ राहिला. सेऊल येथे सप्टेंबर २०२४मध्ये झालेल्या परिषदेत सुमारे ६० देशांनी लष्करी एआयच्या जबाबदार वापराचा आराखडा मान्य केला. भारत त्यांत नव्हता, चीनही नव्हता.

दिल्लीची भूमिका निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. जिनिव्हात हा विषय चालू असताना न्यूयॉर्कमध्ये दुसरी चूल मांडू नये आणि तंत्रज्ञानाचे स्वरूपच निश्चित नसताना बंधनकारक करार घाईचा ठरेल, असे भारताचे म्हणणे आहे. अण्वस्त्रांच्या बाबतीत आधी पोहोचलेल्यांनी मागून येणाऱ्यांसाठी दारे बंद केली, हा अनुभव त्यामागे आहे. शेजारी काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. अशा शस्त्रांवर बंदीची मागणी जिनिव्हात सर्वप्रथम करणाऱ्या देशांत पाकिस्तान होता. तंत्रज्ञानात मागे असलेल्याला बंदी परवडते, हे त्याचे सरळ कारण. चीनने वापरावर बंदी चालेल, पण विकासावर नको, अशी सोयीची वाट धरली. अशा शेजारात हात बांधून घ्यायला कोणतेही सरकार नाखूश असेल.

तक्रार भूमिकेविषयी कमी आणि तिच्या शांततेविषयी अधिक आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा स्वयंचलित शस्त्रांविषयीचा निर्देश २०१२पासून जाहीर आहे. जानेवारी २०२३मध्ये सुधारलेला मजकूर कोणीही वाचू शकतो. ब्रिटनने २०२२मध्ये संरक्षणातील एआयविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. स्वयंचलित शस्त्रांविषयी असा स्वतंत्र धोरणदस्तऐवज भारताने जाहीर केलेला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांच्या हस्ते विश्वासार्ह एआयच्या मूल्यमापनाची एक चौकट प्रकाशित झाली, ही स्वागतार्ह गोष्ट. विश्वासार्हता, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता आणि खासगीपणा अशी पाच तत्त्वे तिच्या मुळाशी आहेत. उत्तरदायित्व हे स्वतंत्र तत्त्व म्हणून त्या पाचांत नाही.

गोव्याचा अनुभव

संरक्षणविषयक प्रश्नांवर मत असणे गोव्याला नवे नाही. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर असल्याने नागरी विमानांच्या वेळांवरून येथे दशकानुदशके वाद झाला. मार्च २०१६मध्ये केपे तालुक्यातील नाकेरी-बेतूलच्या पठारावर संरक्षण सामग्रीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा स्थानिकांनी जमिनीच्या भवितव्यावरून आवाज उठवला. संरक्षणमंत्री गोव्याचेच, मनोहर पर्रीकर होते. जमीन कायमची जाणार नाही, हे लोकांना सांगावे लागले. ऑगस्ट २०२१मध्ये साओ जासिंतो बेटावरील ध्वजारोहणावरून उठलेल्या वादातही मूळ भीती जमिनीच्या मालकीची होती, हे धुरळा बसल्यावर स्पष्ट झाले. म्हणजे जमीन, पाणी, वाट हे डोळ्यांना दिसणारे काही जात असेल तर गोवेकर विचारतो, आणि त्याने विचारल्यामुळे कोणाचे देशप्रेम कमी ठरत नाही. सॉफ्टवेअर जमीन मागत नाही. ते कुंपण घालत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी ग्रामसभेत ठराव होत नाही आणि विधानसभेत लक्षवेधी सूचनाही येत नाही. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये जहाजे बांधली जातात, वेरे येथील नौदल युद्ध महाविद्यालयात वरिष्ठ अधिकारी युद्धशास्त्र शिकतात, फर्मागुडीला आयआयटी आहे. चर्चेला लागणारी माणसे राज्यात आहेत. फक्त ती एका खोलीत येत नाहीत.

गुप्ततेचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो, आणि तो अर्धा खराही आहे. कोणते रडार कुठे आहे हे कोणी विचारत नाही, विचारूही नये. माहिती अधिकार कायद्याने देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती वगळली आहे. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही सार्वभौमत्व आणि सुरक्षेच्या कारणासाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद ठेवली. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. हे सगळे समजण्यासारखे आहे. पण त्यातून जो शिल्लक राहतो तो लोकमताचा कौल नसून लोकांचे मौन असते, आणि मौन म्हणजे होकार असा हिशेब सरकारदरबारी सहज मांडला जातो.

दरम्यान लोकमत स्वतःच या तंत्रज्ञानाचे लक्ष्य बनले आहे. मे २०२५च्या त्या चार दिवसांत पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने दोन विमाने गमावल्याची कबुली दिल्याची एक चित्रफीत फिरली. ती एआयने बनवलेली होती. काही भारतीय माध्यमांनीही ती खरी समजून दाखवली. भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांना माफी मागताना दाखवणारी बनावट चित्रफीत उलट दिशेने आली. व्हिडिओ गेममधली दृश्ये रणांगणाची म्हणून लाखोंनी पाहिली, आणि पत्र सूचना कार्यालयाचे तथ्य-तपासणी पथक रात्रभर खुलासे करत राहिले. युद्धाच्या काळात जनता काय पाहते, त्यावर ती काय मागते हे ठरते. आणि जनता काय मागते, याचा दबाव निर्णय घेणाऱ्यांवर येतो. सीमेवरच्या प्रणालीला ९४ टक्के गुण देणाऱ्या समाजाला आपल्याच मोबाइलवरचे खरे-खोटे त्या रात्री ओळखता येत नव्हते, ही विसंगती बोचरी असली तरी नोंदवलेली बरी.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन प्रतिनिधी आहेत. कोणतेही गुपित न फोडता त्यांना विचारता येतील, असे प्रश्न आहेत. माणसावर शस्त्र चालवण्याचा सल्ला देणारी प्रणाली सेवेत घेण्यापूर्वी तिची चाचणी पुरवठादाराव्यतिरिक्त कोण करते? समुद्रावरील प्रणालींच्या चाचण्यांत पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी बोटींचे नमुने होते काय? प्रणालीचा सल्ला नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला सेवानियमांत कोणते संरक्षण आहे? आणि बडगामसारखी घटना पुन्हा घडली, तर प्रणालीने त्या क्षणी काय दाखवले होते, याची नोंद किती काळ आणि कोणाच्या ताब्यात ठेवली जाते?